त्याच नंबरचा ईएचटी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आर्वीत कोणालाही विचारा. "काम चोख करते, पण त्याच्या तोंडाले लागू नोको," असंच सांगतील. लग्न राहून गेलं तेही ह्या स्वभावामुळेच, असं लोक म्हणतात. आता लोक दरवेळी खोटंच बोलतात असंही नाही. पण तापट माणसाची एक सोय असते. तो चिडला की समोरचा गप्प होतो, पुढचं विचारत नाही. ह्या सोयीवर मी अकरा वर्षं काढली.

एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचं दुरुस्तीचं दुकान. आमचं म्हणजे माझं आणि दादाचं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटरचे मॉनिटर, असं लोकांचं जे जे बिघडत गेलं ते ते आम्ही शिकत गेलो. आता मी मोबाइलच्या काचा बदलतो आणि मिक्सर उघडतो. दादा जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी एका जुन्या मॉनिटरचा एक पार्ट शोधत होतो. गिऱ्हाइकांना वाटायचं, ह्याला जुन्या वस्तूंचं वेड लागलं. वहिनींना वाटायचं, दादाचं राहिलेलं शेवटचं काम ह्याला पुरं करायचं आहे. "भावावर लय जीव होता त्यायचा," असं त्या शेजारणींना सांगायच्या. मी ते ऐकून घ्यायचो आणि त्यांच्याच हातची भाकर खायचो. जेवण माझं दादाच्याच घरी. दादा होता तेव्हाही, गेला तेव्हाही. वहिनी आठवडी बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायच्या.

त्या पार्टाला आम्ही ईएचटी म्हणतो. जुन्या डब्बा टीव्हीत आणि मॉनिटरमध्ये काचेची पिक्चर ट्यूब असते, तिला दहा-बारा हजार व्होल्ट लागतात. ते तयार करतो तो ईएचटी. मुठीएवढा काळा ठोकळा. त्यातून एक जाड वायर निघते आणि ट्यूबच्या पाठीवर, एका रबरी टोपीखाली, जाऊन बसते. आता ह्यातली खोड अशी की मशीन बंद करा, पिन काढा, तरी ट्यूब तो करंट पोटात धरून बसते. कधी तासभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. वरून सगळं थंड, काळोखं, मेलेलं. टोपीखाली बोट घातलं की कळतं. दादा म्हणायचा, "मेलं म्हनून हात लावू नोको. आधी इचार त्याले."

विचारायचं म्हणजे असं: एका लांब पेचकसाला, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरला, अर्थिंगची वायर बांधायची, एक हात खिशात घालायचा, आणि दुसऱ्या हाताने पेचकसाचं टोक टोपीखाली सारायचं. फट् असा आवाज होतो. मग ट्यूब रिकामी. एका टेबलावर दोघं काम करणारे, म्हणून आमचा एक नेम होता. ज्याने ट्यूब रिकामी केली त्याने तो पेचकस मॉनिटरवर आडवा ठेवायचा. आडवा पेचकस दिसला की दुसऱ्याने बिनघोर हात घालावा. पुन्हा मशीन चालवलं तर आधी पेचकस उचलून खिळ्याला टांगायचा. वीस वर्षं हा नेम चालला. आम्ही दोघं भांडायचो, आठ-आठ दिवस बोलायचो नाही, पण पेचकसाच्या बाबतीत कधी चूक झाली नाही. एकदा झाली.

तो मॉनिटर कारंज्याच्या रस्त्यावरच्या एका धरमकाट्याचा. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या तिथे तोलल्या जायच्या. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटणारा, चौदा इंची, त्या वेळीही म्हातारा झालेला. दहा मिनिटं चालायचा आणि मग चित्र आक्रसून विझायचं. सकाळचे अकरा वाजले असतील. दादा सामान आणायला गेला होता. मी झाकण काढलं, ट्यूब रिकामी केली, पेचकस आडवा ठेवला. मग वाटलं, बिघाड एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावा. चालवला. पाच-सात मिनिटं नीट चालला. बंद केला, पिन काढली आणि चहाला गेलो. पेचकस मॉनिटरवरच होता. मी तो ठेवला तेव्हा तो खरं सांगत होता, मी उठलो तेव्हा तो खोटं सांगत होता.

वीसेक मिनिटांनी परत आलो तर दादा स्टुलावर बसलेला, उजव्या हाताचं बोट तोंडात.

"लय जोरात बसला बे," तो म्हणाला. "पेचकस तं आडवा होता. डिस्चार्ज केलता ना तू?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याने एक शिवी घातली असती, दोन दिवस फुगून बसला असता, संपलं असतं. पण आदल्याच दिवशी एका टीव्हीत मी वायर उलटी जोडली होती आणि त्याने गिऱ्हाइकासमोर माझी पार लाज काढली होती. ते डोक्यात गरम होतं. मी म्हणालो, "केलता ना. थोडा करंट परत येते कधी कधी. तुले का माहीत नाई?"

हे खोटं मोठं हुशारीचं होतं, कारण ते अर्धं खरं आहे. रिकामी केलेली ट्यूब कधी कधी बारीकसा करंट पुन्हा गोळा करते, चिमटा काढण्याइतका. दादाने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असन," म्हणाला आणि कामाला लागला. दोन वाजता जेवायला घरी गेला. जाता जाता म्हणाला, "झाकनाचे स्क्रू डबीत ठेवजो, हरवतीन."

साडेचारला वहिनींचा फोन आला. ऑटो करून दवाखान्यात नेलं तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. वहिनी येईल त्याला एवढंच सांगत होत्या की जेवून पडले आणि उठलेच नाहीत. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कोणाला तसदी दिली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्यांच्याशी दादाचं जन्मात पटलं नाही तेही डोळे पुसत होते. मी रडलो नाही. सगळ्यांना वाटलं, धक्का बसला बिचाऱ्याला. मी मनात एकच हिशेब करत होतो: अकराला शॉक, साडेचारला मरण. मधे साडेपाच घंटे. ह्या साडेपाच घंट्यांचा त्या बोटाशी काही संबंध आहे की नाही?

डॉक्टरला विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर आधी शॉकचं सांगावं लागलं असतं, आणि शॉकचं सांगितलं असतं तर पेचकसाचं.

तेरवी झाल्यावर दुकान उघडलं आणि पहिलं काम म्हणून तो मॉनिटर लावला. पिन घातली तशी आत फसफस झाली, जळका वास आला आणि ईएचटी उभा तडकला. धरमकाटेवाल्यांनी तोवर नवीन मॉनिटर आणला होता. "राहू द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. तो राहिला. समोरच्या फळीवर, कपडा टाकून.

आता हा पार्ट मला कशासाठी हवा होता ते सांगतो. सगळे ईएचटी एका स्वभावाचे नसतात. काहींच्या आत एक बारीक वाट ठेवलेली असते; मशीन बंद झालं की ट्यूबमधला करंट त्या वाटेने दोन-चार मिनिटांत आपोआप निघून जातो. काहींत ती वाटच नसते. ह्या मॉनिटरच्या ईएचटीत ती वाट असेल, तर मी चहा पिईपर्यंत ट्यूब रिकामी झाली होती, दादाला बसला तो नुसता चिमटा, आणि त्याचं हृदय त्याच्या नशिबाने बंद पडलं. नसेल, तर त्याला पुरा बसला. माझ्यामुळे बसला, आणि वर मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. तडकलेल्या पार्टातून काही कळत नव्हतं. कंपनी कधीच बंद पडली होती, कागदपत्र कुठे मिळत नव्हतं. त्याच नंबरचा दुसरा ईएचटी मिळवायचा, बसवायचा, मॉनिटर चालवायचा, बंद करायचा आणि तेवढाच वेळ थांबून पाहायचं. दुसरा रस्ता मला सुचला नाही.

आधी नागपूर. सीताबर्डीत एक म्हातारा दुकानदार अजून जुने पार्ट ठेवायचा. मी नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. त्याने चष्मा वर करून मलाच न्याहाळलं. "भाऊ, हे आता कोनी मांगत नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, मी मागून राहिलो ना, मी का कोणीच नाही? तो हसला, मी चिडलो, आणि बाहेर येऊन रसवंतीवर उगाच उभा राहिलो. मग अमरावती. मग पुलगावचे भंगारवाले. तिथे कळलं की ट्यूबच्या मानेवरचं तांबं सगळे काढून घेतात, पण ईएचटीच्या आत डांबरासारखा घट्ट मसाला भरलेला असतो, त्यातून तांबं सुटत नाही. म्हणून तो फेकतात. "कुठं फेकता?" म्हटलं. त्याने हात फिरवून सगळा नाला दाखवला. मी त्या नाल्यात दोन दिवस काठी घेऊन फिरलो. कपडे पाहून एका बाईने मला भाकर देऊ केली.

पुढे फोनवर जुने कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लोकांचा एक गट सापडला. भली माणसं, पण सगळी हौशी. एकाने मोठ्या खात्रीने पार्सल पाठवलं, उघडलं तर दोन पिना कमी. दुसऱ्याने दिल्लीहून पाठवला तो रस्त्यात फुटून आला. "मिळताजुळता लावून पाहा ना," असं ते लिहायचे. मिळताजुळता लावून चित्र आलं असतं हो. मला चित्र कुठे हवं होतं?

आणि ह्या सगळ्या वर्षांत ती शिट्टी. चालू मॉनिटरचा ईएचटी एक बारीक, कानात सुईसारखी शिरणारी शिट्टी देतो. लहानपणी दादा आणि मी पैज लावायचो, कोणाच्या घरचा टीव्ही चालू आहे ते गल्लीतूनच ओळखायचं. दादा गेल्यावर ती शिट्टी मला दुकानात ऐकू यायला लागली. कपडा टाकलेल्या, पिन काढलेल्या, पार्ट फुटलेल्या त्या डब्ब्यातून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सुरू व्हायची. मी उठून कपडा काढायचो. काळ्या काचेत दुकान दिसायचं, पंखा दिसायचा आणि माझ्यामागचं दादाचं रिकामं स्टूल दिसायचं. त्या स्टुलाकडे मी वळून पाहायचो नाही, काचेतूनच पाहायचो. भीती वाटायची, हे खरं सांगतो. दादाची नाही. तो काचेत दिसला आणि त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर, ह्याची. एकदा मिक्सर घ्यायला आलेल्या एका मास्तरांनी विचारलं, "तिकडे काय पाहता हो सारखे?" मी त्यांच्यावर असा खेकसलो की ते मिक्सर तिथेच सोडून गेले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यात हिंगणघाटच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर फोटो पाठवला. अल्लीपूरला एक कॉम्प्युटर शिकवणी बंद पडली होती, तिथलं सामान गावात वाटलं गेलं, आणि एका घरी तसाच मॉनिटर आहे. फोटोत मॉनिटरचा डब्बा होता आणि डब्ब्यात कोंबडी होती. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने वर्ध्याला आणि तिथून अल्लीपूरला गेलो.

भाजीपाला पिकवणारं घर. अंगणात वांग्यांची पोती भरून ठेवलेली, आणि एक वयस्क बाई पालक निवडत बसलेली. गोठ्याच्या भिंतीला लागून तो डब्बा. ट्यूब भंगारवाल्याने फोडून नेली होती, पण खालची सर्किटची पाटी तशीच स्क्रूने कसलेली. त्यावर गवत, गवतावर अंडी, अंड्यांवर तांबडी कोंबडी. मी पोटावर पडून मोबाइलची बत्ती आत मारली. गवताच्या फटीतून काळा ठोकळा दिसला. त्यावरचा नंबर मी एक-एक आकडा करून वाचला. तोच होता. तेवढ्यात कोंबडीने माझ्या मनगटाला चोच मारली.

"बसली हाय ते," बाई म्हणाली. "आता नाई हालवाचं तिले."

"बाई, मले फक्त आतला एक पार्ट पाह्यजे. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं का न अर्धं मिनिट का. बसलेली कोंबडी हालवली का मंग ते अंडे टाकून देते. कालच बसवली. एकवीस दिवसानं येजा."

"अकरा वर्षं झाली मी हे शोधून राह्यलो."

"मंग एकवीस दिवसानं काय होते?"

मला राग आला. म्हटलं, डब्बा, अंडी, कोंबडी, सगळंच घेऊन जातो, देता का? बाईने पालकाची काडी मोडत माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बसान काय अंड्यावर?" ती म्हणाली. तिच्या सुनेला आत हसू आवरेना. मी परत आलो.

ते एकवीस दिवस मला अकरा वर्षांपेक्षा जड गेले. कारण शोधताना माणूस फक्त शोधत असतो. आता ते सापडलं होतं, आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की उत्तर येणार आहे. वाटलं, जाऊच नये. कोंबडी डब्ब्यात बरी आहे, मी दुकानात बरा आहे. आजवर निदान अर्धी शक्यता माझ्या बाजूची होती, ती कशाला घालवायची? जेवताना घास उतरेना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काऊन जेवत नाई बरोबर? डाक्टरले दाखवता काय?" मी म्हटलं, भाजीत तिखट लय झालं. त्या दुसऱ्या दिवशी फिकी भाजी करायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाविसाव्या दिवशी गेलो. अंगणात सात पिल्लं फिरत होती. बाईने स्वतः गवत काढून दिलं. "घ्या, काढा तुमचं काय हाय ते," म्हणाली आणि चहा ठेवला. मी पाटी सोडवली, कोंबडीची घाण खरवडली, आणि ईएचटी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, पण शटर अर्धं खाली ठेवलं. थिनरने पार्ट धुतला, जुना काढला, नवा टाकून सोल्डर केला. वायर ट्यूबला लावली. पिन घातली. अकरा वर्षांनी त्या काचेने जीव धरला. हातावरचे केस उभे झाले, काच तडतडली, हिरवट उजेड हळूहळू वर आला. त्या उजेडात धरमकाट्याच्या पावतीचे चौकोन पुसट दिसत होते. वर्षानुवर्षं तीच पावती दाखवून काच तिथे जळली होती. आणि एक गोष्ट मला कळायला जरा वेळ लागला. शिट्टी नव्हती. मी कान अगदी जवळ नेला. तरी नाही. पार्ट चालू होता, शिट्टी असणारच होती, पण चोपन्न वर्षांच्या कानाला एवढा बारीक आवाज ऐकू येत नाही. दादा गेला तेव्हाही मी त्रेचाळीसचा होतो. म्हणजे दुकानात जी ऐकू येत होती ती कुठून येत होती, ते सांगायला नको.

सात मिनिटं चालवला. बंद केला, पिन काढली. चहाला गेलो. त्या वेळची टपरी आता नाही, पुढच्या चौकात दुसरी आहे. चहा घेतला, बाकावर पेपर पडला होता तो चाळला, पुन्हा चहा घेतला. वीस मिनिटं पुरी होऊ दिली. परत आलो आणि दादाच्या स्टुलावर बसलो.

पेचकस खिळ्याला टांगलेला होता. तो घ्यायचा, टोपीखाली सारायचा, फट् वाजलं तर एक, नाही वाजलं तर दुसरं. एवढंच होतं. पण मला वाटलं, दादाला बोटाने कळलं ते मी पेचकसाने विचारणार का? डावा हात खिशात घातला. उजव्या हाताचं बोट रबरी टोपीखाली सारलं.

कोणी हातोडीने कोपरावर घाव घालावा तसं झालं. मी स्टुलावरून मागे पडलो, डोकं काउंटरला लागलं. हात खांद्यापर्यंत बधिर. छाती अशी धडधडत होती की मी तिथे फरशीवर पडून तीच मोजत राहिलो. वाट नव्हती. ह्या ईएचटीत वाट नव्हती. दादाला पुरा बसला होता, आणि हे एवढं सोसून तो मला म्हणाला होता, "असन." मी त्या फरशीवर पडल्या पडल्या रडलो. अकरा वर्षं आलं नव्हतं ते आलं.

मग हेही डोक्यात आलं की मी तर मेलो नाही. तोच शॉक, तोच डब्बा, मी आज वयाने तेव्हाच्या त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि जिवंत. म्हणजे ह्यानेच दादा गेला असं अजूनही म्हणता येत नव्हतं. नाही असंही म्हणता येत नव्हतं. एवढं शोधून हाती आलं ते हे.

दुपारी घरी गेलो. वहिनींनी ताट वाढलं. घास घ्यायला हात पुढे केला तशा त्या थांबल्या. बोटाच्या टोकाला बारीक पांढरा डाग पडला होता.

"हे काऊन झालं?"

"करंट बसला."

"त्या डब्ब्याचा?" त्यांनी परात खाली ठेवली. "तुमच्या दादाच्या बोटाले असाच डाग होता त्या दिवशी."

त्यांनी तो पाहिला होता, हे मला माहीत नव्हतं. मग मी काहीच राखलं नाही. पेचकसाचं सांगितलं, चहाचं सांगितलं, दादाने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द सांगितलं. अल्लीपूरहून काय आणलं आणि कशासाठी आणलं तेही सांगितलं. सांगताना ताटाकडे पाहत होतो. संपल्यावर म्हणालो, "वहिनी, तुम्हाले जे बोलायचं ते बोला."

 वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

"ते जेवून पडले नाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "जेवलेच नाई ते. आले तवापासून छातीवर हात होता. घाम येऊन राह्यला होता. मले म्हने, दवाखान्यात जाऊ काय. म्या म्हनलं, गॅस असन, सकायी तर्री-पोहे खाल्ले तुम्ही. ओवा देल्ला. दुसऱ्या दिवशी बजार होता. मी सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली होती, सारं वलं होतं, सोडलं असतं तं सडलं असतं. दोन घंटे, भाऊजी. दोन घंटे ते आतून इचारत होते, झालं काय वो तुयं? आन मी म्हनत होती, झालंच."

त्यांचा आवाज फुटला नाही. तेच जास्त वाईट होतं.

"म्या कोनाले नाई सांगतलं. तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही मले माफ केलं नसतं. तुमचा राग मले माहीत हाय."

माझा राग. ज्या रागाआड मी अकरा वर्षं लपलो, त्याच्याच धाकाने ही बाई अकरा वर्षं गप्प राहिली होती. मी त्यांच्या हातचं भीत भीत खात होतो, आणि त्या मला भीत भीत वाढत होत्या.  माफी कोणी कोणाला द्यायची ते मला कळेना, कारण ज्याची मागायची तो त्या दिवशी दोनदा विचारून गेला होता. एकदा मला, एकदा त्यांना. दोघांनीही त्याला खोटं सांगितलं, आणि त्याने दोघांचंही खरं मानलं.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्या बोटाकडे पाहिलं.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "मी एकटीच आहो."